वेशीतलं कुंकू आणि सांडव्याचं माप

माझ्या हाताखालून गेलेलं सगळ्यात मोठं धरण तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून पाहिलंत, तर म्हणाल, ‘ही टेकडी जरा जास्तच सरळ आहे, नाही?’ आणि पुन्हा डुलकी घ्याल. मातीचं धरण असंच असतं. दोन पावसाळ्यांत त्याच्यावर गवत येतं, तिसऱ्या वर्षी शेळ्या चरायला लागतात आणि दहाव्या वर्षी गावातली पोरं शपथेवर सांगतात की ही टेकडी पहिल्यापासूनच इथं आहे. मला त्याचा राग येत नाही. मातीच्या धरणाकडे लोकांचं लक्ष जायला लागलं, तर समजावं की कुठंतरी बिघडलं आहे.

मी ओव्हरसिअर म्हणून नोकरीला लागलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बुलढाण्याच्या आमच्या कचेरीतले रबरी शिक्के पाच-सहा वर्षांत दोनदा बदलले होते: आधी मध्यप्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. बडे बाबूंनी जुने शिक्के फेकले नव्हते, खणात जपून ठेवले होते. काय सांगावं, पुन्हा लागतील! ओव्हरसिअरचं काम म्हणाल तर सोपं. वरच्या साहेबांनी कागदावर मारलेली रेघ जमिनीवर आणायची आणि रेघ चुकली की शिव्या आपण खायच्या. चौतीस वर्षांत दोन्ही कामं मी मनापासून केली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग. तसं नसतं बाबा. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा, तो पाणी अडवतो. दोन्ही अंगांना मुरूम, तो गाभ्याला सावरतो. पाण्याच्या बाजूला दगड बसवायचे, म्हणजे लाटा माती खात नाहीत. माती वीत-वीतभर टाकायची, पाणी शिंपडायचं, रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. ओल बरोबर आहे की नाही हे बघायला आमच्याकडे तेव्हा मूठ होती. मूठभर मातीचा लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा बसला तर पाणी जास्त, दोन-तीन तुकडे झाले तर फिरवा रूळ. दिवाळीत बेसनाचा लाडू हातात आला की माझा हात अजून कमरेशी जातो आणि बायको ताट लांब सरकवते.

एकदा एका उत्साही मास्तरांनी शाळेची सगळी पोरं आणून वनमहोत्सवात आमच्या धरणाच्या माथ्यावर निंबाची साठ रोपं लावली. फोटो वगैरे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन मजूर घेऊन साठही रोपं उपटली. झाडाचं मूळ गाभ्यात शिरतं, झाड मेलं की मूळ कुजतं, तिथं नळी तयार होते आणि पाणी त्या नळीतून वाट काढतं. हे मी मास्तरांना तासभर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गावात माझं नाव ‘झाडखाऊ’ पडलं.

पण आज सांगायचं आहे ते सांडव्याबद्दल. धरणात मावेल त्याच्याहून जास्त पाणी आलं तर ते बाजूनं निघून जावं म्हणून टेकाडाच्या अंगाला रुंद वाट खोदतात, तो सांडवा. लोक समजतात, लहान धरण पूर अडवतं. एवढंसं धरण काय पूर अडवणार? ते पुराला रांगेत उभं करतं. घाटावरून तासाभरात धाडकन येणारं पाणी तलावात पसरतं, चढतं आणि मग सांडव्यावरून सहा-सात तास हळूहळू जात राहतं. खालच्या गावाला तेवढं पुरतं. मात्र सांडवा अपुरा पडला, तर पाणी धरणाच्या माथ्यावरून जातं. दगडी धरणावरून पाणी गेलं तर धरण ओलं होतं. मातीच्या धरणावरून गेलं तर ते कापलं जातं आणि अर्ध्या घटकेत सगळा तलाव गावात येतो. म्हणजे धरण नसतं तर जेवढा पूर आला असता, त्याच्या कितीतरी पट. सांडव्याचं माप चुकणं म्हणजे काय, हे एवढ्यावरून लक्षात यावं. ते माप मी चुकवलं होतं.

गावाचं नाव लिहीत नाही. रोहिणखेडच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला आहे. घाटातून उतरणारी त्यांची नदी उन्हाळ्यात अशी कोरडी की कोंबडीचा पाय भिजू नये. सरकारी नकाशात तिला ‘नाला’ म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी मी चावडीत ‘तुमचा नाला’ म्हणालो, तर मला पाणी द्यायला आलेला माणूस तांब्या घेऊन तसाच परत गेला. गावात तिला सगळे ‘माय’ म्हणत. वेशीच्या आतलं गाव जरा उंचावर, वेशीबाहेरचा खालचा मोहल्ला पार काठावर. तिथं मजुरांची, पिंजाऱ्यांची, बागवानांची घरं, हिंदू-मुसलमान भिंतीला भिंत लावून. दर दोन-चार वर्षांनी त्यांची भांडी वाहून जायची, म्हणून तर धरण मंजूर झालं.

सांडव्याची रुंदी ठरवायला गावात येऊन गेलेल्या सगळ्यात मोठ्या पुराची उंची लागते. त्याला आम्ही पूरखूण म्हणतो. रीत अशी की ओव्हरसिअरनं गावात जायचं, जुनी माणसं गोळा करायची, पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं, दुर्बिणीनं त्या जागेची उंची घ्यायची आणि तक्त्यात भरायची. तक्त्याचा तिसरा रकाना असतो: ‘पूरखूण दाखवणाऱ्याचे नाव’. मी पाटलांना आणि पाच म्हाताऱ्यांना घेऊन बसलो. त्यांनी मला नदीकडच्या मारुतीच्या पाराशी नेलं. पाराच्या पहिल्या पायरीला काळा दगड, त्यावर आडवी रेघ कोरलेली.

“माय ह्या गोट्याले टेकली होती साहेब,” पाटील म्हणाले. “आमच्या बापायनं डोयानं पाह्यलं.”

पाचही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. एवढी एकमतानं दिलेली साक्ष कोर्टातही मिळत नाही. मी रेघेची उंची घेतली, सहा नावं लिहिली, गणित झालं आणि सांडवा ऐंशी फूट रुंद ठरला.

दोन वर्षांनी त्याच कामावर माझी नेमणूक झाली. फाल्गुनात धरण निम्म्यावर आलं. नदीच्या पात्रातली जी वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवतात, ती घळ भरायला सुरुवात झाली होती. एकदा घळ भरत आली की मागं फिरता येत नाही, पावसाळ्याआधी ती पुरी करावीच लागते. सांडव्याची खोदाई संपत आली होती आणि त्याच्या बाजूची दगडी भिंत करीम मिस्त्री बांधत होता. हा रोहिणखेडचा. दगडाला कान लावून टिचकी मारायचा आणि कुठं फुटेल ते सांगायचा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा असून मला ‘साहेब’ म्हणायचा, पण ते असं की त्यात ‘पोरा’ ऐकू यावं.

सांडव्याला लागून गिरजामायचं वावर होतं. सत्तरीची, विधवा, कपाळावर गोंदलेलं, पाठ मात्र ओळंब्यात. तिचा मुलगा महादेव तिथं राबायचा आणि ती दुपारी भाकर घेऊन यायची. तो जेवेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून आमचं काम बघायची. महिनाभर ती काही बोलली नाही. एक दिवस मला हाक मारली.

“काऊन हो साहेब, हे दार कोनासाठी करून राह्यले तुमी?”

“पुरासाठी, माय. जास्तीचं पाणी इथून जाईल.”

“म्हंजे मायसाठी?” ती उठून सांडव्याच्या काठाशी आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं मान फिरवली. “येवढ्याशा दारातून ती जाईन?”

मी हसलो. नवीन ओव्हरसिअरला म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगण्याची फार हौस असते. पाणलोट, उतार, पाराचा दगड, रेघ असं सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, “तो गोटा? तो तर आमच्या मानसायनं हालवला.”

“हलवला?”

“पह्यले तो वेशीत होता, भिंतीत. मायनं शिवलेला गोटा, त्याले येता-जाता कोन पाया पडते? मंग पार बांधला तवा पह्यल्या पायरीले बसोला, मारुतीले जाताना हरेकाचा हात लागाव म्हनून. देवाचं काम केलं त्यायनं, वाईट नाही केलं.”

पाटील खोटं बोलले नव्हते, म्हातारेही नाही. माय त्या दगडाला टेकली होती हे खरंच होतं. फक्त तो दगड तेव्हा तिथं नव्हता, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“मग वेशीत कुठं होता, ते आता कसं कळणार?” मी विचारलं.

“मानसायले नसन ठाऊक, बायायले हाये,” गिरजामाय म्हणाली. “चाला, दाखोतो.”

कामावर आल्यापासून वेशीतून मी दिवसातून चार वेळा जात होतो. आत शिरताना उजव्या हाताच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, तळहाताएवढा कुंकवाचा थर होता, चांगला बोटभर जाड. मला वाटायचं, असेल एखादी देवी. गिरजामायनं त्याच्यावर हात ठेवला.

“नदी चढली की बाया ओटी घेऊन जातात साहेब. पानी जिथी असन तिथी. मायची ओटी भरून म्हनाचं, आता माघारी फिर. तो मोठा पूर आला तवा मी नवी नवरी होती. सासूनं ताट माह्या हातात देल्लं. पानी वेशीत आलतं. इथी ओटी भरली आन् इथूनच ती माघारी फिरली. तवापासून दर नागपंचमीले आमी समद्या बाया इथी कुकू लावतो, मायले विधवा बी चालते. गोटा हालवला, पन जागा कशी हालवनार?”

मी मोजणीपट्टी धरणाऱ्या खलाशाला दुर्बीण आणायला धाडलं. कुंकू पाराच्या रेघेहून साडेतीन फूट वर निघालं. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा दुर्बीण नव्यानं लावून मोजलं. माझ्या मोजणीत काही चुकलं असेल तर बरं, असं आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी वाटलं. मग वही उघडली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, “माय, दाखवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. पूर्ण नाव सांगा.”

“गिरजाबाई.”

“पुढं?”

आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, राहू दे, महादेवला विचारतो. तर तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “नाही. सरकारी वहीचं काम हाये, मीच सांगतो.” आणि वेशीच्या भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, “भ्रतार तुळशीराम.” नाव घेऊन झाल्यावर सत्तर वर्षांची ती बाई लाजली. मी पेन्सिलीनं लिहिलं: गिरजाबाई भ्रतार तुळशीराम.

चौकीवर बसून गणित केलं. सांडवा ऐंशी नव्हे, सव्वाशे फूट हवा होता. पलीकडच्या बाजूला कातळाचं टेकाड, तिकडं सरकता येत नव्हतं. अलीकडे गिरजामायचं वावर. तिची पंधरा-सोळा गुंठे काळी जमीन आणि मळणीचं खळं त्यात जात होतं.

आता खरं सांगायचं तर तो कागद मी दोन दिवस खिशात ठेवला. वर कळवायचं म्हणजे माझी चूक माझ्याच सहीनं कळवायची. मनात असंही आलं की असा पूर पन्नास-साठ वर्षांत एकदा येतो, तोवर आपण कुठं असू. तिसऱ्या दिवशी खालच्या मोहल्ल्यातून जाताना एका घराच्या अंगणात बाई नवं जोतं सारवत होती. मला म्हणाली, “आता धरन झालं साहेब, आता नाही जाणार आमचं काई.” मी तिथूनच बुलढाण्याची गाडी धरली.

आमचे डेप्युटी साहेब पुण्याकडचे. हुशार माणूस, पण ‘काऊन’ म्हणजे ‘का’, हे त्यांना दोन वर्षं झाली तरी मला विचारावं लागे. ऐकून ते खुर्चीत मागं टेकले.

“म्हणजे एका बाईच्या कुंकवावरून मी मंजूर नकाशा बदलू?”

“साहेब, एकदा येऊन बघा.”

ते आले. वेशीत उभे राहून कुंकवाकडे बघत राहिले. पुरावा काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तेवढ्यात मागून करीम मिस्त्री पुढं झाला. त्यानं कुंकवाला हात लावला नाही. त्याच्याखाली वीतभरावर दोन दगडांमधल्या दरजेत छिन्नी घातली आणि बाहेर काढून साहेबांच्या तळहातावर झटकली. बारीक पिवळसर गाळ. मग कुंकवाच्या वर वीतभर छिन्नी लावली. ती आत जाईना. पांढरा, जुना, घट्ट चुना.

“देखो साहेब,” करीम म्हणाला, “खाले मायनं चुना धुऊन नेला आन् गाळ भरला. वरतं चुना जसाच्या तसा. दरजेतला गारा झूट नाही बोलत.”

डेप्युटी साहेबांनी स्वतः छिन्नी घेतली. भिंतीवर दहा ठिकाणी खरवडून पाहिलं, दोन्ही बाजूंना. सगळीकडे त्याच उंचीला गाळ संपत होता आणि चुना सुरू होत होता. साहेबांनी हात झटकले. “सांडवा वाढवा,” ते म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, “आणि यापुढं बायकांनाही विचारत चला.”

पण जमीन? रीतसर ताब्यात घ्यायची तर पावसाळा उलटला असता. मालकानं आपणहून ताबा दिला तरच काम होणार होतं. जमीन गिरजामायच्या नावावर होती. आम्ही वावरात गेलो तेव्हा महादेवला सगळं कळलं होतं. त्याचा चेहरा मला आजही दिसतो.

“माय, तू काऊन सांगतलं यायले?” तो ओरडला. “आपलं वावर उंचावर, आपलं घर वेशीच्या आत. आपल्याले पूर लागते का? ज्यायले लागते त्यायनं देवाव जमीन! खळं गेल्यावर मी मळनी कुठी करू, तुह्या कुकवावर?”

तो काही चुकीचं बोलत नव्हता. गिरजामायनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, “म्हादू, मी पंधरा वर्साची बी नव्हती. ताट घेऊन पान्यात उभी होती. म्या म्हनलं, माय, माघारी फिर. आन् ती फिरली. माह्यासारख्या पोरीचं ऐकलं तिनं. आता तिले जाले वाट लागते, तं मी नाही म्हनू?”

महादेवनं हातातला विळा टाकला आणि तो चालता झाला. तिनं कागदावर अंगठा उठवला आणि शाई खळ्याच्या मातीला पुसली.

करीमनं आपल्या हातची अर्धी झालेली भिंत आपल्याच हातानं उतरवली. दगडावर खडूनं आकडे घातले आणि पंचेचाळीस फूट मागं नेऊन पुन्हा तशीच बांधली. मी विचारलं, वाईट वाटतं का? तो म्हणाला, “वाईट तं दगडाले वाटलं पायजे, त्याले दोनदा उचललं.” मृगाच्या तोंडावर घळ भरून झाली, सांडवाही झाला. महादेव आमच्या समोरून जायचा, पण माझी बदली होईपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

राहिला तक्ता. जुना रद्द करून नवा वर पाठवायचा होता. मी तिसऱ्या रकान्यात वहीतलं नाव उतरवलं होतं. डेप्युटी साहेबांनी ते वाचून कागद माझ्याकडे सरकवला. “हे चालणार नाही. ज्या बाईची जमीन जाते तिचीच साक्ष? वरती शंभर शंका काढतील. रकान्यात गावचे प्रतिष्ठित गृहस्थ लागतात. पाटलांचं नाव घाला.” त्यांचा हेतू काम अडू नये हाच होता. पाटलांनी आनंदानं सही केली. पूरखूण वेशीत आहे हे त्यांना आमच्याकडूनच कळलं होतं. मी पाटलांच्या नावानं नवा तक्ता लिहिला, तिच्या नावाचा फाडला आणि वहीतलं ते पानही फाडलं.

त्याच वर्षी भादव्यात, भर दुपारी, घाट काळा झाला. आमच्याकडे पाऊस थोडाच होता, पण वरून येणारा आवाज ऐकून करीमनं नमाजाची चटई गुंडाळली आणि माझ्याशेजारी धरणावर येऊन उभा राहिला. तलाव बघता बघता सांडव्याला लागला आणि सव्वाशे फुटांवरून पाणी सारखं पसरून जायला लागलं. चढतच होतं. खालच्या मोहल्ल्यातल्या लोकांना आम्ही आधीच वेशीत बोलावून घेतलं होतं. मी धरणाच्या पायथ्याशी फेऱ्या घालत होतो. तिथं पाझरणारं पाणी स्वच्छ असेल तर ठीक, गढूळ झालं तर पळायचं. ते शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. माथ्याखाली दीड हात उरला असताना पाणी थांबलं. तासभर तिथंच राहिलं आणि मग उतरायला लागलं. सांडवा ऐंशी फूट असता तर काय झालं असतं, याचं गणित मी आठ दिवस केलं नाही. केलं तेव्हा पाणी माथ्याच्या वर निघालं. तो कागद मी कुणाला दाखवला नाही.

चारच्या सुमाराला गावाकडून बायकांची ओळ येताना दिसली. ओटीची ताटं घेऊन त्या आधी वेशीत गेल्या होत्या, पण नदी खाली काठाच्या पायऱ्यांशीच थांबली होती. ओटी कुठं भरायची यावर त्यांचं भांडण झालं म्हणे. मग गिरजामाय म्हणाली, “माय आज वर थांबली, तं आपन वर जाऊ.” आणि सगळ्या धरणावर आल्या.

सांडव्याचं पाणी करीमच्या भिंतीला लागून चाललं होतं, तिच्याच वावरात, जिथं खळं होतं तिथं. गिरजामायनं ओटी सोडली. खण, नारळ, मूठभर ज्वारी. “जाय बरं आता, वाट देल्ली तुले,” म्हणाली. मग भिंतीच्या दगडावर, पाण्याच्या ओल्या रेघेवर कुंकवाचं बोट ओढलं. मी दुर्बीण लावून त्या बोटाची उंची घेतली, सवयच ती. ती माझ्या वहीकडे बघत होती.

“साहेब, तुमच्या वहीत माह्यं नाव हाये ना? वेशीतलं?”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, “हो माय, आहे.”

“त्यायचं बी?”

“त्यांचंही आहे.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली आणि बायकांमागून निघून गेली.

पुढं मी जिल्हाभर लहान धरणं केली. प्रत्येक गावात पूरखूण आधी बायकांना विचारली. सोबतचे हसायचे, मला ‘ओटीवाला ओव्हरसिअर’ म्हणायचे. म्हणेनात. माझा एकही सांडवा पुन्हा चुकला नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

निवृत्तीनंतर शेगावला दर्शनाला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून त्या गावात गेलो. धरण टेकडीसारखं दिसत होतं, शेळ्या चरत होत्या, सगळं उत्तम. सांडव्याच्या भिंतीवर कुंकवाचा थर बोटभर झाला होता. धुऱ्यावर एक म्हातारा बसला होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं.

“या साहेब,” महादेव म्हणाला.

गिरजामाय जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यानं घरी नेलं, चहा दिला. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “वावराचं लय दिवस मनात होतं. तुमचा लय राग करे मी. पन माय मरेपरेंत सांगत राह्यली, सरकारच्या वहीत माह्यं नाव हाये, तुह्या बापाच्या नावासगट. गावात कोनाचं हाये? मंग मले बी वाटलं, जाऊ द्या, वावर गेलं पन नाव राह्यलं. आता नात बुलढाण्याले कालेजात हाये. तिले दाखवाव म्हन्तो. कोन्या कचेरीत भेटन ती वही?”

आयुष्यात मी पुष्कळ तक्ते भरले आणि पुष्कळ चुका सावरून घेतल्या. त्या क्षणी मात्र काही सावरता आलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. नवा तक्ता, पाटलांचं नाव, फाडलेला कागद. चौकशी झाली तर नोकरीवर येईल अशी भीती वाटली होती, हेही सांगितलं. आतल्या खोलीत कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या, त्याही थांबल्या.

“मंग तुमी तिले हाव काऊन म्हनलं?”

“नाही म्हणवलं नाही, महादेवभाऊ.”

त्यानं माझा निवलेला चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता उठून जाईल, वावरातून गेला होता तसा. पण तो म्हणाला, “तुमाले लिहता तं येते ना अजून?”

“येतं.”

“मंग लिहा.”

म्हणून हे लिहिलं. कचेरीतला तक्ता आता मला बदलता येणार नाही, पण चौतीस वर्षं सरकारी नोंदी ठेवलेल्या माणसाची ही दुरुस्ती समजावी. पूरखूण: गावच्या वेशीत, उजव्या हाताची भिंत, पाराच्या दगडाहून साडेतीन फूट वर. दाखवणाऱ्याचे नाव: गिरजाबाई भ्रतार तुळशीराम.